छकड्याची किंमत आणि धोंडिबांची धाव

मधली काही वर्षं बंद असलेले पट आमच्या भागात पुन्हा सुरू झाले. बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात, आणि त्यात जी हलकी गाडी बैलांमागे जुंपतात तिला छकडा. पट सुरू झाल्याच्या आनंदात एका जत्रा समितीनं स्मरणिका काढली. जत्रेचं गाव मी लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या स्मरणिकेत जुन्या आठवणींचा एक लेख आहे. त्यात छापलंय की बोरीच्या एका नामवंत सुताराच्या छकड्याचं चाक भर पटात फुटलं, कारण त्याच्याकडे विस्तवाचं काम करणाऱ्या धोंडिबा नावाच्या माणसानं जुन्या रागापोटी चाक बिघडवून ठेवलं होतं.

तो नामवंत सुतार मी. त्याच जत्रेत मला शाल आणि नारळ मिळाला. दोन शब्द बोला म्हणाले. मी नमस्कार केला आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या.

धोंडिबांनी ते चाक बिघडवलं नाही. कुणी बिघडवलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चाळीस वर्षं मी बोललो नाही, आता बोलणार आहे. माझ्या मुलांना हे पसंत नाही. बिरादरीतल्या दोघांनी घरी येऊन सांगितलं, की गेलेल्या गोष्टी कशाला उकरता. त्यांना मी चहा दिला आणि वाटेला लावलं. पण ही गोष्ट नीट कळायची तर आधी छकड्याची किंमत कशी ठरते ते कळलं पाहिजे. सगळी भानगड त्या किमतीतच आहे.

माझा पुतण्या पुण्याकडे मोटारींच्या एका कारखान्यात आहे. एक मोटार तयार करायला किती खर्च आला, ते काढणाऱ्या खात्यात. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं फोनमध्ये एका लाल मोटारीचं चित्र दाखवलं. बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसलेली.

"काका, ही आमची शर्यतीच्या धर्तीवरची. दोनच माणसं बसतात. सामानाला जागा नाही. आपल्या रस्त्यावर तर चालणारच नाही."

"मग घेतं कोण?"

"ज्यांच्याकडे आधीच तीन मोटारी आहेत ते."

मग त्यानं समजावून सांगितलं. साध्या मोटारीचं गणित सरळ असतं. खर्च काढायचा, वर थोडा नफा ठेवायचा. जास्त ठेवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. या लाल मोटारीचं तसं नाही. तिला खर्चही खरोखरच जास्त येतो. पत्रा हलका पण भक्कम लागतो, इंजिन वेगळं, आणि तिच्यासाठी घडवलेल्या साच्यांचा खर्च थोड्याच मोटारींवर वाटावा लागतो. पण किंमत त्या खर्चाच्याही कितीतरी पुढे जाते. ती खर्चावरून निघतच नाही. चार माणसं बसून आधी ठरवतात, की हिची किंमत किती असली म्हणजे घेणारा ती दहा जणांना सांगत फिरेल. मोटारी मुद्दाम थोड्या काढतात. घेणाऱ्याला थांबायला लावतात. दुकानात ती काचेमागे उभी करतात, आणि ती बघायला आलेला माणूस साधी मोटार घेऊन जातो.

"हे तुला कुठं शिकवलं?" मी विचारलं.

"पुण्याला. दोन वर्षांचा अभ्यास आहे, काका."

मी त्याला म्हणालो, माझ्या बापानं मला हे बोरीत बाभळीखाली बसून एका दुपारीत शिकवलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

बैलगाडी म्हणजे ओझ्याची गोष्ट. दहा-बारा क्विंटल कापूस भरायचा, काळ्या रानातून चिखलातून ओढत आणायचा. तिचं सगळं लाकूड जाड असतं. छकडा उलटा. त्यावर फक्त धुरकरी, म्हणजे हाकणारा, तोही अर्धा उभा आणि अर्धा हवेत. आमच्या छकड्याचा सांगाडा दोन माणसं हातावर उचलून कट्ट्यावर ठेवायची. जितकं लाकूड काढता येईल तितकं काढायचं आणि तरी तो मोडला नाही पाहिजे, हे कसब. बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गोळा. त्यात बसणारे आरे अंगठ्याहून थोडे जाड. बैलांकडे जाणारा लांब धुरा तिवसाच्या लाकडाचा, तोही असा की लाकडाची आतली रेष, म्हणजे दोरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेला पाहिजे. असं एक लाकूड सापडायला मी सात-आठ लाकडं चिरून बाजूला टाकायचो.

त्या काळी साध्या गाडीला मला सोळाशे रुपये खर्च यायचा आणि मी ती साडेअठराशेला द्यायचो. छकड्याला लाकूड, लोखंड, मजुरी धरून आठशे, आणि फेकलेल्या लाकडाचे धरले तर अकराशे. छकडा मी बत्तीसशेला विकायचो.

गणपतराव नावाचे एक शेतकरी गाडी घ्यायला आले होते. ते छकड्याभोवती दोनदा फिरले.

"मिस्त्री, ह्यात लाकूड तर आर्धंबी न्हाई. मग पैसे दुप्पट कामून?"

"जे लाकूड ह्यात न्हाई, त्याचेच पैसे हाईत."

"मग तेच द्या की मला, सस्तं पडंल."

सगळे हसले, मीही हसलो. पण गणपतरावांनी गाडी माझ्याकडूनच नेली. एवढा महागाचा छकडा बनवणारा माणूस गाडी कच्ची देणार नाही, असा त्यांचा हिशेब. माझ्याकडे वर्षाला पंचवीस-तीस गाड्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या तरी त्या चार छकड्यांच्या जिवावर. छकडे वर्षाला चारच. पाचवा कधी केला नाही. हात रिकामे असायचे, लाकूडही पडलेलं असायचं, तरी केला नाही. पाचवा केला असता तर पहिल्या चौघांची मान अर्ध्या बोटानं खाली आली असती, आणि त्या चौघांनी पैसे मान वर ठेवायचेच दिलेले होते.

सोनपेठकडचे एक कापडवाले शेठ आले होते. म्हणाले, लाल रंग द्या आणि बाजूनं पितळी पट्ट्या मारा.

"पट्ट्यांनी वजन वाढतंय, शेठ. बैल मागं पडतील."

"पडू द्या. बैल हाईतच कुठं?"

त्यांच्याकडे बैल नव्हते. घ्यायचा विचारही नव्हता. दुकानासमोर छकडा उभा करायचा होता. चाकं सोडवून आम्ही तो एसटीच्या टपावर चढवला. तो छकडा आयुष्यात एकदाच पळाला, तो तेव्हा, परभणीमार्गे. त्यांच्याकडून मी पस्तीसशे घेतले. लोक मला लुटारू म्हणायचे. मी लुटारू नव्हतो. ज्याला बत्तीसशे जास्त वाटायचे त्याला मी कधी छकडा घे म्हणालो नाही. किमतीबद्दल मला आजही कुणाची माफी मागायची नाही. माझं काम चोख होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात, तेव्हा हिंगोलीही आमच्याच जिल्ह्यात होती, माझ्यासारखं चाक कुणाचं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य चाळीस वर्षं मी असंच सांगत आलो. ते खोटं आहे. चाकाचं लाकूड माझं होतं. चाक धोंडिबांचं होतं.

लाकडी चाकावर लोखंडी पट्टीचं कडं असतं, त्याला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा थोडी लहान कापायची, गोवऱ्यांच्या विस्तवात तापवायची, तापून ती वाढली की सांडशीनं उचलून चाकावर घालायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळे सांधे एकमेकांत घट्ट बसतात. किती लहान कापायची आणि किती तापवायची, यावर सगळं. गाडीचं जाड चाक थोडी चूक पोटात घेतं. छकड्याच्या चाकाला ती सोसत नाही. धाव सैल राहिली तर उन्हात निसटते. जास्त लहान झाली तर आरे आतल्या आत चिरडतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

धोंडिबा आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीतले. माझ्या वडलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे धावेचं काम करत. वयानं माझ्या वडलांएवढे. या लेखात मी त्यांना अहो-जाहो करतोय, तेव्हा करत नव्हतो. त्यांच्याकडे एक सुतळी होती, तिला गाठी मारलेल्या. ती चाकाभोवती फिरवायची, मग धावेच्या आतून फिरवायची, आणि एका गाठीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "एवढी काप." कोणती गाठ कशाची, ते त्यांनाच माहीत. धाव तापली की तिला बाभळीची काडी लावायची. काडी कशी धुमसते ते बघून ते हात वर करायचे. छकड्याची धाव त्यांनी कधी लालभडक होऊ दिली नाही. तीस वर्षांत त्यांची एकही धाव सुटली नाही.

गिऱ्हाइकाला हे माहीत होतं. किमतीवर कुणी अडलं की मी फक्त म्हणायचो, "धाव धोंडिबाची हाय." मग घासाघीस संपायची. त्या एका वाक्याचे मला छकड्यामागे पाचशे तरी मिळत असतील. धोंडिबांना मी दोन चाकांचे पंधरा रुपये द्यायचो. भाकरी द्यायचो ती वेगळ्या ताटलीत, अंगणात.

त्यांचा मुलगा उत्तम येलदरीच्या वीजघरात नोकरीला लागला होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंग्यात आमच्या भागात काय काय झालं ते जुन्या लोकांना सांगायला नको, आणि नव्या लोकांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. त्यानंतर चार-पाच वर्षं झाली होती. वरून सगळं शांत होतं. उत्तमनं लाल कंधारी बैलांची जोडी घेतली. जोडी अशी होती की मी सायकल थांबवून बघत उभा राहिलो होतो.

बाजाराच्या दिवशी तो माझ्याकडे आला. कट्ट्यावर अण्णासाहेबांचे कारभारी बसले होते. अण्णासाहेब म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दीडशे एकरांचे धनी, दर दोन वर्षांनी नवा छकडा घेणारे.

"मिस्त्री, एक छकडा करायचा हाय," उत्तम म्हणाला.

"कुणाला?"

"मला."

कारभाऱ्यांनी विडी विझवली आणि तिथंच बसून राहिले.

"किती व्हतील?"

माझ्या बापानं शिकवलं होतं, की किंमत सांगताना माणसाच्या तोंडाकडे बघू नये, त्याच्या बैलांकडे बघावं. बैल तिथं नव्हते. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हणालो, "सहा हजार."

"अण्णासाहेबांना बत्तीसशे पडला म्हणत्यात."

"लाकूड महागलं."

"बरं," तो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला. कारभारी हसले. म्हणाले, "मिस्त्री, तुमी लय हुशार मानूस." मलाही तसंच वाटलं. नाही म्हणायचं पाप लागलं नाही आणि काम झालं. त्याच आठवड्यात अण्णासाहेबांचा निरोप आला, की त्या पोराला छकडा दिला तर आमचे आजवरचे सगळे छकडे वापस घ्या, आमी ते जळणाला बी वापरणार न्हाई.

तीन महिन्यांनी उत्तम पुन्हा आला. दस्तीत, म्हणजे रुमालात, बांधलेलं पुडकं त्यानं माझ्या पुढ्यातल्या तुंब्यावर ठेवलं.

"सहा हजार हाईत. मोजून घ्या."

मी पुडक्याला हात लावला नाही. "नंबर लागलेत. दोन साल थांबावं लागंल."

त्यानं पुडकं उचललं. चिडला नाही. "मिस्त्री, मी किंमत विचारली व्हती," तो म्हणाला. "नकारच द्यायचा व्हता तर तवाच फुकट द्यायचा. मी तीन म्हैने डबल पाळी केली नसती."

अलीकडे पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की काही कारखान्यांतही असंच असतं. सगळ्यात महागडी मोटार मागेल त्याला देत नाहीत, आधी माणूस बघतात. मी म्हणालो, माणूस बघत असतील, आम्ही त्याची वस्ती बघितली. जो छकडा मागेल त्याला मिळत नाही त्यालाच किंमत येते, हे धंद्याचं शास्त्र मी कितीही सांगितलं, तरी कुणाला द्यायचा नाही ते शास्त्रानं ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी धोंडिबा आले. खुंटीवरची सुतळी काढली, बोटांभोवती गुंडाळली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

"धूर सोसंना, मिस्त्री," म्हणाले. "आता येणार न्हाई."

तीस वर्षं सोसलेला धूर. मी एकदाही थांब म्हणालो नाही. मनात म्हणालो, सुतळीला गाठी मारायला काय लागतं.

महाशिवरात्रीच्या पटासाठी अण्णासाहेबांचा नवा छकडा ठरला होता. इसार म्हणून हजार रुपये आधीच घेतलेले. लाकूड छान जमलं होतं, एवढं हलकं चाक मी आधी केलं नव्हतं. धावेच्या दिवशी विस्तवापाशी मी उभा राहिलो. माझ्याकडे गाठींची सुतळी नव्हती, आणि धाव सैल राहण्याची भीती होती. भीतीपोटी मी ती गाडीच्या चाकाला कापतात तेवढी लहान कापली. मग ती चाकावर बसेना, म्हणून लाल होईपर्यंत तापवली. चाकावर घातली तेव्हा लाकडातून जाळ उठला. माझ्या दोघा कामगारांनी घागरी ओतल्या. वाफेत काही दिसत नव्हतं. आणि त्या वाफेत आतून एक आवाज आला, कट. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा.

तो आवाज मी ऐकला. कामगारांनी ऐकला की नाही माहीत नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चाक फोडून नवं करायला पंधरा दिवस लागले असते आणि पट दहा दिवसांवर होता. मी चाक फिरवून बघितलं. फिरत होतं. दुसऱ्या चाकाची धावही मीच चढवली, त्याला थोडी कमी लहान कापून. जळालेल्या कडेवर रंग दिला.

छकडा न्यायला अण्णासाहेब स्वतः आले. चाकावर हात फिरवला.

"धाव कुणाची?"

"धोंडिबाची," मी म्हणालो. आणि बत्तीसशे पुरे घेतले.

खरं सांगितलं असतं तर त्यांनी पाचशे कापले असते, फार तर छकडा घेतला नसता. त्या पाचशेसाठी मी एक शब्द बोललो. पुढचं सगळं त्या एका शब्दातून झालं.

पटात अण्णासाहेबांची जोडी निम्म्या धावपट्टीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. मग उजव्या चाकाचा एक आरा बाहेर पडला, त्याच्यामागे बाकीचे पडले, आणि नुसती धाव एकटीच गडगडत लोकांच्या दिशेनं गेली. लोक पळाले म्हणून कुणाला लागली नाही. धुरकरी किसन छकड्याखाली सापडला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो पुन्हा कधी पटात उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या पारावर माणसं जमली. अण्णासाहेब खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. धोंडिबांना बोलावून आणलं होतं.

"पोराला छकडा न्हाई भेटला, म्हणून माझं चाक बिघडवलं व्हय रे?" अण्णासाहेब म्हणाले.

"मी धाव चढवलीच न्हाई, मालक. मी काम सोडून म्हैना झालाय."

"मिस्त्री तर म्हणायलेत तूच चढवली."

धोंडिबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मिस्त्री, तुमीच सांगा. त्या दिशी मी व्हतो का इस्तवापाशी?"

मला दोनच शब्द बोलायचे होते, धोंडिबा नव्हता म्हणून. ते बोललो असतो तर अण्णासाहेबांना कळलं असतं की मी खोटं बोलून पैसे घेतले. बाकीच्या गिऱ्हाइकांना कळलं असतं की आता धाव धोंडिबाची नाही. पुढच्या वर्षीचे चार छकडे गेले असते, त्यांच्यामागे गाड्या गेल्या असत्या.

"मला आठवत न्हाई," मी म्हणालो.

असं मी म्हणालो. स्मरणिकेत हे वाक्य नाही.

त्यांना कुणी मारलं नाही, हे लोक आजही मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगतात. फक्त गावातलं काम बंद झालं. दुकानात सामान मिळेना. दळण परत यायला लागलं. वस्तीतल्या इतर घरांनाही ताप नको म्हणून धोंडिबा महिन्याभरात घर बंद करून उत्तमकडे गेले. बैलांची ती जोडी उत्तमनं त्याआधीच विकली होती.

आणि माझं काय झालं? माझं काही वाईट झालं नाही. हेच मला सांगायचं आहे. अण्णासाहेबांनी पुढच्या वर्षी नवा छकडा सांगितला. धोंडिबांनी आधी चढवलेल्या एका जुन्या धावेवरून मी माप काढलं आणि हळूहळू काम शिकलो. गिऱ्हाईक विचारायचं धाव कुणाची, मी म्हणायचो, आता माझ्या स्वतःच्या हातची, दुसऱ्यावर भरवसा नाही ठेवत. त्या वाक्याला धोंडिबांच्या नावापेक्षा जास्त भाव आला. मी छकडा छत्तीसशेला विकायला लागलो. किसन लंगडत लंगडत आयुष्यभर धोंडिबांना शिव्या देत राहिला. त्या शिव्या माझ्या होत्या.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीत मी परभणीला गेलो होतो. उत्तमनं तिथं घर बांधलं होतं आणि धोंडिबा त्याच्याकडे आहेत असं कळलं होतं. गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. एका ओळख नसलेल्या बाईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाली, "खा बाबा, तोंड गोड करा." मी पेढा हातात धरून तिथून परत फिरलो. म्हणालो, आज नको, त्यांच्या आनंदाचा दिवस आहे. पुढच्या उन्हाळ्यात धोंडिबा वारले.

शाल मिळाल्यावर आठ दिवसांनी मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. या वेळी आत गेलो. उत्तमरावही आता म्हातारे झालेत. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. चहा आला, घरातल्या सगळ्यांचे होते तसल्याच कपात. ते माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचं त्यांच्याही लक्षात आलं.

"स्मरणिका वाचली का?" मी विचारलं.

"नातीनं वाचून दावली."

"मी खरं काय ते लिहिणार आहे. तुमची परवानगी..."

"परवानगी कायची? चाक तुमचं, तुमी लिवा." मग ते म्हणाले, "पर मिस्त्री, नुसतं चुकलो चुकलो लिवू नका. तसं लिवलं की लोक म्हणत्यात, किती मोठा मानूस. आकडे लिवा. खर्च किती, तुमाला किती, माझ्या बाला किती, मला किती सांगितला."

"लिहितो."

"ती सुतळी हाय अजून माझ्याकडं," ते म्हणाले. दाखवली नाही. मी बघायला मागितली नाही.

लेख लिहून झाल्यावर पुतण्याला वाचायला दिला. तो म्हणाला, "काका, सगळ्या जिल्ह्यात तुमचं नाव आहे, आता या वयात कशाला?"

मी विचारलं, "तुमच्या मोटारीत विकल्यावर खोट सापडली तर तुम्ही काय करता?"

"जाहीर करतो. सगळ्या मोटारी परत बोलावतो."

"लाल असली तरी?"

"लाल असेल तर आधी."

"मग हे तेच समज," मी म्हणालो.

उत्तमरावांनी सांगितलेले आकडे वर विखुरलेले आहेत, एकदा एकत्र लिहितो. त्या छकड्याला खर्च अकराशे. अण्णासाहेबांकडून घेतले बत्तीसशे. उत्तमरावांना सांगितले सहा हजार, आणि ते त्यांनी आणल्यावर दिलं काहीच नाही. धोंडिबांना एका छकड्यामागे पंधरा रुपये. या छकड्याचे तेही नाहीत, कारण त्या दिवशी ते विस्तवापाशी नव्हते. मी होतो. धाव मी कापली, मी तापवली, मी चढवली. आवाज आला तो मी ऐकला.

शाल मी समितीला परत पाठवली आहे, नारळ घरात फुटला होता त्यामुळे नवा विकत घेऊन पाठवला. सोबत या लेखाची प्रत जोडली आणि पुढच्या स्मरणिकेत छापा असं कळवलं. अध्यक्षांचा फोन आला, की जत्रेच्या अंकात असले वाद नकोत. ठीक आहे. पुढच्या पटाला मी जाणार आहे. पहिली जोडी सुटायच्या आधी लोक शांत होतात, तेवढा वेळ मला पुरे. बाकड्यावर उभा राहून वाचीन. माझा आवाज अजून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जातो.

उत्तमरावांनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "मी कशाला येऊ? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."